आकाशांतून रान पाहतांना : उपग्रहचित्रांची निवड

विद्यार्थीमित्रहो, जळगांवाजवळील असोदा हें गांव तुम्हांस दोन गोष्टींमुळें ठाऊक असेल. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० सालीं येथें झाला, ही एक. आणि येथील भरिताचीं वांगीं, ही दुसरी. या गांवच्या शिवारांत उभें राहून उत्तरेकडे पाहिलें असतां, हवा स्वच्छ असेल त्या दिवशीं क्षितिजावर सातपुड्याची निळसर रेघ दिसते. पायांखालीं कापसाची काळी जमीन, पुढें तापी, तापीपलीकडे यावल व रावेर तालुक्यांतील केळीच्या बागा, आणि त्यांच्याहि मागें डोंगरांतलें साग, सालई, धावडा व अंजन यांचें रान. या सर्व मुलखांत झाडझाडोरा कोठें किती आहे, आणि तो वाढत आहे कीं घटत आहे, असें कोणी विचारलें तर काय उत्तर द्यावें?

पायीं हिंडून मोजावयाचें म्हटलें तर माणसें थोडीं पडतील आणि मोजणी पुरी होण्यापूर्वींच रान बदललेलें असेल. यास्तव आज हें काम उपग्रहांनीं घेतलेल्या चित्रांवरून करतात. परंतु उपग्रह एक नाहीं, पुष्कळ आहेत. कोणाची नजर तीक्ष्ण, पण फेरी उशिरानें; कोणाची फेरी रोजची, पण नजर मंद; कोणी पन्नास वर्षें पाहत आलेला, तर कोणी कालचा. यांपैकीं कोणाचें चित्र घ्यावें, हा या लेखाचा विषय आहे. त्याचें उत्तर आरंभींच एका वाक्यांत सांगून ठेवतों : आधीं प्रश्न नीट ठरवावा, मग चित्र निवडावें. ही चाल उलट केली म्हणजे काय होतें, तें पाहूं.

मे महिन्याचें चित्र

समजा, एका नवख्या माणसानें मे महिन्याच्या मध्यावरचें आपल्या जिल्ह्याचें एक उत्तम, निरभ्र, स्वच्छ चित्र मिळविलें. त्या चित्रांत तापीकांठचा पट्टा गर्द हिरवा दिसेल, आणि सातपुड्याचे उतार पिंगट व उजाड दिसतील. तो म्हणेल, "जंगल नदीकांठीं आहे, डोंगर बोडके झाले आहेत." वस्तुस्थिति याच्या अगदीं उलट आहे. नदीकांठची हिरवाई केळीची आहे; आणि केळ हा वृक्षच नव्हे. ती एक प्रचंड वाढणारी औषधिवर्गांतील वनस्पति असून तिचें खोड म्हणजे पानांच्या तळांची घट्ट गुंडाळी असते. विहिरींच्या पाण्यावर ती भर उन्हाळ्यांत हिरवी राहते. उलटपक्षीं डोंगरांतला साग पानगळीचा वृक्ष आहे. उन्हाळ्यांत तो पानें टाकून उभा असतो व पावसाळ्याच्या तोंडीं पुन्हां पालवतो. तेंच रान ऑक्टोबर महिन्यांत पाहिलें, तर डोंगर हिरवेगार दिसतील.

येथें चित्र खोटें बोललें नाहीं. तें फार स्पष्ट होतें. चूक झाली ती पाहणाऱ्याची. "हिरवें काय आहे?" या प्रश्नाचें उत्तर त्याच्या हातीं आलें, आणि त्यानें तें "जंगल कोठें आहे?" या प्रश्नाचें समजून घेतलें. खानदेशाच्या भूमींत हिरवें तें सारें रान नव्हे, आणि पिंगट तें सारें ओसाड नव्हे. हा धडा प्रथम मनांत ठसवावा.

उपग्रह हिरवाई कशी ओळखतो

पान आपल्या डोळ्यांस हिरवें कां दिसतें, हें तुम्ही शास्त्राच्या तासाला शिकलां आहां. पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाशांतील तांबडे व निळे किरण शोषून घेतें आणि हिरव्यांपैकीं कांहीं परत फेंकतें. परंतु आपल्या डोळ्यांस न दिसणारे, तांबड्याच्या पलीकडचे जे अवरक्त किरण, त्यांचें काय होतें? निरोगी पानाच्या आंतील पेशींची रचना अशी असते कीं, त्या किरणांचा मोठा भाग ती परतवून लावते. म्हणून उपग्रहावरील यंत्रास हिरवें पान अवरक्तांत अतिशय उजळ आणि तांबड्यांत अतिशय काळें दिसतें. कोरडी माती दोन्हींत जवळजवळ सारखीच दिसते.

या फरकावरूनच हिरवाईचा निर्देशांक काढतात. अवरक्ताच्या आंकड्यांतून तांबड्याचा आंकडा वजा करावा, आणि त्या वजाबाकीस दोहोंच्या बेरजेनें भागावें. उदाहरणार्थ, भरदार पिकानें अवरक्ताचे शेंकडा ४५ व तांबड्याचे शेंकडा ५ किरण परतविले, तर ४० भागिले ५०, म्हणजे ०·८० हा निर्देशांक आला. उघड्या जमिनीनें अवरक्ताचे २५ व तांबड्याचे २० परतविले, तर ५ भागिले ४५, म्हणजे सुमारें ०·११. पाण्याचा निर्देशांक बहुधा शून्याच्याहि खालीं जातो. या निर्देशांकाचें इंग्रजी संक्षिप्त नांव एनडीव्हीआय असें आहे.

ही युक्ति सोपी व उपयोगी आहे. पण तिला एक मर्यादा आहे. पानें फार दाट झालीं म्हणजे आंकडा वर चढावयाचा थांबतो. तेव्हां दाट केळीचा निर्देशांक आणि दाट सागरानाचा निर्देशांक एकमेकांच्या अगदीं जवळ येऊं शकतात. एकाच दिवसाच्या आंकड्यावरून बाग कोणती व वन कोणतें, हें सांगतां येत नाहीं. त्यासाठीं काय करावें, तें पुढें येईल.

पहिला प्रश्न : पाहावयाची वस्तु केवढी आहे?

उपग्रहाचें चित्र बुद्धिबळाच्या पटासारखें असतें. पटावर घरें असतात, तशीं चित्रांतहि बारीक बारीक घरें असतात. त्यांस पिक्सेल म्हणतात. एका घरांत जें जें कांहीं असेल, त्या सर्वांचा मिळून एकच रंग नोंदला जातो. घराच्या आंत झाड कोठें आहे आणि बांध कोठें आहे, हें चित्र सांगूं शकत नाहीं. म्हणून पहिली चौकशी ही कीं, घर केवढें?

आपल्या सातबारा उताऱ्यावर जमिनीचें क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेलें असतें. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आपल्या जुन्या गुंठ्याहून किंचित् लहान. युरोपांतील राष्ट्रांनीं मिळून सोडलेल्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रांत तांबड्या व अवरक्त रंगाचें एक घर १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. म्हणजे बरोबर एक आर! अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचें घर ३० मीटरांचें, अर्थात् नऊ आरांचें. आपल्या देशाच्या रिसोर्ससॅट उपग्रहावरील लिस-तीन या यंत्राचें घर २३·५ मीटरांचें, म्हणजे सुमारें साडेपांच आरांचें. त्याच उपग्रहावरील लिस-चार या यंत्राचें ५·८ मीटरांचें, म्हणजे एका आराचा सुमारें तिसरा हिस्सा. अमेरिकेच्याच मोडिस नांवाच्या यंत्राचें बारीकांत बारीक घर २५० मीटरांचें आहे. एका घरांत सवासहा हेक्टर, म्हणजे पंधरा एकरांहून अधिक जमीन सामावते.

आतां असोद्याच्या शिवारांत चला. एक एकराचें शेत घेतलें, तर सेंटिनेल-२ च्या चित्रांत त्याचीं सुमारें ४० घरें होतात. लिस-तीनच्या चित्रांत सुमारें ७. लँडसॅटच्या चित्रांत साडेचार. आणि मोडिसच्या चित्रांत तें शेत शेजारच्या चौदा एकरांत मिसळून नाहींसें होतें. दहा गुंठ्यांचें वांग्याचें शेत तर लँडसॅटच्या जेमतेम एका घराएवढें आहे. आणि तें घर नेमकें त्या शेतावरच पडेल, अशी मुळींच खात्री नाहीं. अर्धें घर वांग्यांत, अर्धें शेजारच्या कापसांत, असें होण्याचाच संभव अधिक.

यावरून एक साधारण नियम लक्षांत ठेवावा : वस्तूची रुंदी ही चित्रांतील घराच्या बाजूच्या निदान दुप्पट ते तिप्पट असावी. तेव्हां कोठें एखादें घर पूर्णपणें त्या वस्तूच्या आंत पडेल, असा भरंवसा धरतां येतो.

यावरून तुम्ही म्हणाल, मग सर्वांत बारीक घराचें चित्र घेतलें म्हणजे झालें! तसें नाहीं. बारीक नजरेच्या यंत्राचा पट्टा बहुधा अरुंद असतो. लिस-चारचा पट्टा ७० किलोमीटर रुंद, लिस-तीनचा १४१, लँडसॅटचा १८५, सेंटिनेल-२ चा २९०, आणि मोडिसचा २,३३० किलोमीटर. सगळ्या महाराष्ट्रांत यंदा दुष्काळाची छाया कोठें कोठें पडली आहे, हें पाहावयाचें असेल, तर मोडिससारखें जाडें चित्रच सोयीचें. एकेका शेताचा तेथें कांहीं संबंध नाहीं. भिंग मोठें घेऊन आकाश पाहावयाचें नसतें, आणि दुर्बीण घेऊन मुंगी पाहावयाची नसते.

दुसरा प्रश्न : कोणत्या ऋतूंत, आणि किती वेळां?

एका दिवसाच्या चित्रानें केळ आणि साग वेगळे होत नाहींत, असें वर सांगितलें. पण वर्षभराचीं चित्रें ओळीनें मांडलीं, तर प्रत्येक वनस्पतीची चाल वेगळी दिसूं लागते. कोरडवाहू कापूस जूनमध्यें पेरल्यावर जुलै-ऑगस्टांत चढतो, सप्टेंबर-ऑक्टोबरांत भरास येतो आणि वेंचणी होतां होतां उतरतो. गहूं व हरभरा यांचा भर हिंवाळ्यांत असतो. साग पावसाबरोबर चढून उन्हाळ्यांत खालीं येतो. केळीची बाग, मृगबाग असो कीं कांदेबाग असो, एकदां वाढली म्हणजे ऋतूची पर्वा न करतां महिनेच्या महिने वर राहते, आणि घड उतरवून बाग काढली कीं एकदम खालीं पडते. वैद्य एका ठोक्यावरून नाडी सांगत नाहीं. तद्वत् एका चित्रावरून रान सांगूं नये.

यास्तव उपग्रह त्याच ठिकाणावरून पुन्हां किती दिवसांनीं जातो, हें पाहणें अवश्य आहे. सेंटिनेल-२ च्या दोन उपग्रहांची जोडी मिळून दर पांच दिवसांनीं येते. म्हणजे वर्षांत ७३ वेळां. लँडसॅट ८ व ९ हे प्रत्येकीं सोळा दिवसांनीं, दोघे मिळून आठ दिवसांनीं येतात. लिस-तीनची एका उपग्रहाची फेरी २४ दिवसांची, म्हणजे वर्षांत अवघ्या पंधरा. मोडिसची नजर जवळजवळ रोजची.

परंतु फेरी झाली म्हणजे चित्र मिळालेंच, असें समजूं नये. हे सारे उपग्रह सूर्यप्रकाशावर अवलंबून असतात व ढगांतून त्यांस दिसत नाहीं. जुलै-ऑगस्टांत आपल्याकडे आभाळ भरलेलें असतें. चोवीस दिवसांनीं येणाऱ्या उपग्रहास दोन फेऱ्यांत ढग आडवे आले, तर कापसाच्या वाढीचा मुख्य काळ निसटून जातो. पांच दिवसांनीं येणाऱ्यास मधल्या एखाद्या उघडिपीचा लाभ होण्याची आशा अधिक.

ढगांवर दुसरा उपाय रडाराचा. रडार स्वतःच लहरी सोडतें व त्यांचा परतलेला भाग नोंदतें. त्याला ना सूर्य लागतो, ना निरभ्र आकाश. युरोपच्या सेंटिनेल-१ या अशा रडारमालिकेंतील पहिला उपग्रह एप्रिल २०१४ मध्यें गेला. भारत व अमेरिका यांनीं मिळून बांधलेला निसार हा रडारउपग्रह श्रीहरिकोटा येथून ३० जुलै २०२५ रोजीं उडाला. त्याच्या लांब लहरी पानांच्या थरांतून आंत शिरून फांद्या व खोडें यांची खबर आणूं शकतात. मात्र रडाराच्या चित्रांत हिरवा रंग नसतो. तें पृष्ठभागाचा खडबडीतपणा व ओलावा सांगतें. तें वाचावयास वेगळा अभ्यास लागतो.

तिसरा प्रश्न : किती मागचा काळ पाहावयाचा आहे?

जुन्या काळाचा प्रश्न असेल, तर नव्या उपग्रहाची तीक्ष्ण नजर कुचकामाची. कारण तो त्या वेळीं नव्हताच. पहिला लँडसॅट २३ जुलै १९७२ रोजीं गेला. त्याच्या चित्रांचें घर सुमारें ८० मीटरांचें होतें. तीस मीटरांची नजर १९८४ मध्यें गेलेल्या लँडसॅट ५ नें चालविली, आणि तो २०१३ पर्यंत टिकला. भारताच्या आयआरएस मालिकेंतील पहिला उपग्रह आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ रोजीं सोडण्यांत आला. रिसोर्ससॅट-१ हा ऑक्टोबर २००३ मध्यें. सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रह जून २०१५ मध्यें गेला. त्यापूर्वींचें एकहि चित्र त्याच्यापाशीं नाहीं. आपल्या आजोबांच्या तरुणपणीं सातपुड्याचें रान कसें होतें, हें विचारावयाचें असेल, तर लँडसॅटच्या जाड्याभरड्या चित्रांवांचून दुसरा आधार फारसा नाहीं.

जेथें चित्रावर कोणाचें घर अवलंबून असतें

येथवरच्या गोष्टी कोणास केवळ हिशेबाच्या वाटतील. पण सातपुड्यांत हाच हिशेब एखाद्या कुटुंबाच्या भाकरीचा होतो.

२००६ सालीं आपल्या देशांत वनहक्कांचा कायदा झाला. वनांत राहून पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे पावरा, तडवी, भिल्ल इत्यादि आदिवासी लोक यांच्या वहिवाटीस त्यानें मान्यता देऊं केली. अट अशी कीं, ती जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून प्रत्यक्ष कसण्यांत असली पाहिजे. आणि मर्यादा चार हेक्टरांची. आतां प्रश्न येतो, अमुक एका उतारावर त्या दिवशीं शेत होतें कीं झाडी होती? साहजिकच कोणी म्हणतो, "उपग्रहाचें चित्र काढा, निकाल लागेल."

आपण वर शिकलेले तीन प्रश्न येथें लावून पाहूं. काळाचा विचार केला, तर सेंटिनेल-२ बाद. तो दहा वर्षांनीं आला. लँडसॅट ७ च्या यंत्राचा एक भाग मे २००३ मध्यें बिघडला होता, व तेव्हांपासून त्याच्या प्रत्येक चित्रांत कडांकडे वाढत जाणारे कोरे पट्टे आहेत. नेमकें तें शेत कोऱ्या पट्ट्यांत पडूं शकतें. राहिले लँडसॅट ५ आणि रिसोर्ससॅट. ऋतूचा विचार केला, तर डिसेंबरांत कोरडवाहू ज्वारी-मका निघून गेलेलीं असतात. मोकळें शेत आणि गवताळ माळ हीं दोन्हीं वरून सारखींच पिंगट दिसतात. पीक उभें असतें तेव्हांचें चित्र मागावें, तर त्या दिवसांत ढग. आकाराचा विचार केला, तर डोंगरउतारावरचीं शेतें लहान व अरुंद. तीस मीटर रुंदीच्या पट्टीवर लिस-तीनचें एकहि पूर्ण घर कदाचित् पडणार नाहीं. शिवाय या लोकांची रीति अशी कीं, शेतांतलें मोहाचें झाड ते तोडीत नाहींत. दोन मोह एका घरांत आले कीं तें घर झाडीचें दिसतें, आणि शेत चित्रांतून पुसलें जातें.

अशा वेळीं "चित्रांत शेत दिसत नाहीं" आणि "शेत नव्हतें" हीं दोन वाक्यें एक नव्हेत, हें ज्यास कळत नाहीं, त्याच्या हातून मोठा अन्याय घडेल. जो अधिकारी असें चित्र पुढें ठेवून दावा फेटाळील, त्याच्या हातीं पुरावा नसून केवळ पुराव्याचा अभाव असेल. कायदा करणाऱ्यांनाहि हें उमगलें होतें. २०१२ सालीं सुधारलेल्या नियमांत असें स्पष्ट सांगितलें आहे कीं, उपग्रहचित्रासारखें साधन हें अर्जदारानें दिलेल्या इतर पुराव्यास पूरक म्हणून वापरावें. त्या पुराव्याच्या जागीं तें ठेवूं नये. गांवांतल्या वृद्धांचा जबाब, जुनी विहीर, बांध, घराचा पाया, दंडाची पावती, यांचें मोल चित्रानें संपत नाहीं.

याचा अर्थ चित्र निरुपयोगी, असा मात्र नव्हे. ज्या उतारावर १९९० च्या सुमाराच्या, २००५ च्या व पुढील चित्रांत सलग मोठी झाडी ओळीनें दिसते आणि मग ती एकाएकीं नाहींशी होते, तेथें चित्राची साक्ष बलवान् असते. तें वन वाचविणें हेंहि तितकेंच महत्त्वाचें आहे. साक्षीदार खरा आहे. त्यानें काय पाहिलें आणि काय त्यास दिसणें शक्यच नव्हतें, हें ओळखणें आपलें काम.

चौथा प्रश्न : तुलना सारख्याशीं आहे काय?

वाढ-घट सांगण्यापूर्वीं दोन्ही चित्रें सारख्या मापाचीं व सारख्या ऋतूचीं आहेत ना, हें पाहावें. देहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेची स्थापना १९८१ सालीं झाली, व तिचा देशांतील वनांविषयींचा पहिला अहवाल १९८७ सालीं निघाला. त्या वेळीं ८० मीटर घराचीं लँडसॅटचीं चित्रें होतीं, आणि ४०० हेक्टरांहून लहान रान त्यांवरून नकाशांत घेतां येत नव्हतें. पुढें भारतीय उपग्रहांचीं बारीक चित्रें आलीं, आणि एक हेक्टरापर्यंतचा झाडांचा तुकडा मोजतां येऊं लागला. चष्म्याचा आंकडा बदलल्यावर आकाशांत तारे अधिक दिसले, म्हणून नवे तारे जन्मले असें आपण म्हणत नाहीं. वनांचे जुने-नवे आंकडे शेजारीं ठेवतांना हीच सावधगिरी पाहिजे.

व्याख्येचीहि तीच गोष्ट. या संस्थेच्या हिशेबीं, निदान एक हेक्टर जमिनीवर झाडांच्या माथ्यांची सावली शेंकडा दहा किंवा अधिक असली, म्हणजे ती जमीन वनाच्छादित धरली जाते. मग मालक सरकार असो कीं शेतकरी, आणि झाडें रानटी असोत कीं फळबागेचीं. शेंकडा सत्तराच्या वर तें अति दाट, चाळीस ते सत्तर मध्यम दाट, आणि दहा ते चाळीस विरळ. तेव्हां "वनाच्छादन वाढलें" हें वाक्य वाचल्यावर "जंगल वाढलें" असा अर्थ लगेच काढूं नये. पानगळीच्या रानांत पानें उभीं असावींत आणि ढग मात्र नसावेत, म्हणून या कामास मुख्यतः ऑक्टोबरापासूनचीं चित्रें पसंत करतात. याचें कारण आतां तुम्हांस सांगावयास नको.

चित्रें मिळतात कोठें?

एके काळीं एकेका चित्रास मोठी किंमत मोजावी लागे, आणि हें काम सरकारी कचेऱ्यांपुरतेंच राहिलें होतें. लँडसॅटचा संग्रह २००८ सालीं सर्वांस मोफत खुला झाला, आणि तेथून काळ पालटला. सेंटिनेलचीं चित्रें प्रारंभापासून मोफत आहेत. आपल्या इस्रो संस्थेनें २००९ सालीं भुवन नांवाचें संकेतस्थळ उघडलें. पुढें हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानें भूनिधि हें भांडार सुरू केलें, व त्यांतून रिसोर्ससॅटचीं चित्रें मिळतात. महाराष्ट्रापुरतें हें काम पाहणारी संस्था नागपुरास १९८८ पासून आहे. याहून सूक्ष्म, एका मीटराच्या आंतबाहेरचीं चित्रें खासगी कंपन्या विकतात; पण आपल्या प्रश्नास त्यांची गरज आहे कीं नाहीं, हें ठरविल्यावांचून त्यांच्या मागें लागणें म्हणजे वांगें चिरावयास तलवार आणणें होय.

शेवटची परीक्षा : जमिनीवरची

विद्यार्थीमित्रहो, शेवटीं एक अभ्यास सुचवितों. सुटींत तुमच्यापैकीं चार-पांच जणांनीं मिळून तो करावा. असोद्याच्या, किंवा तुमच्या स्वतःच्या गांवच्या, शिवारांतलीं दहा ठिकाणें निवडा : दोन केळीचीं, तीन कापसाचीं, एक वांग्याचें, एक लिंबूबागेचें, एक पडीत माळाचें, एक नदीकांठच्या बाभुळवनाचें आणि एक गांवठाणांतल्या वडा-पिंपळाचें. शेतमालकाची परवानगी घेऊन प्रत्येक ठिकाणीं जा, तेथें आज काय उभें आहे, तें केव्हां लावलें, पाणी कोठून मिळतें, हें वहींत तारखेसह लिहा. मग सेंटिनेल-२ चीं ऑक्टोबर, जानेवारी व मे या तीन महिन्यांचीं निरभ्र चित्रें घ्या आणि त्या दहा जागांचा निर्देशांक काढून आलेख मांडा. त्यानंतर त्याच जागा लँडसॅटच्या चित्रांत शोधा. कोणत्या जागा दोहोंत सांपडतात, कोणत्या एकींत हरवतात, आणि कोणत्या दोहोंतहि फसवितात, तें टिपून ठेवा. वड-पिंपळाची जागा बहुधा घरांच्या छपरांत मिसळेल. तिचें दुःख करूं नका, तीहि शिकवीलच.

हा अभ्यास केल्यावर तुमच्या ध्यानांत येईल कीं, चित्र वाचण्याची खरी किल्ली त्या वहींत आहे. शेतकरी ज्या मातींत उभा राहून पीक ओळखतो, तिच्यापासून शेंकडों मैल उंचीवरून उपग्रह पाहतो; त्याला एकाच वेळीं सारा जिल्हा दिसतो, पण मोहाखालची नांगरट दिसत नाहीं. शेतकऱ्याला ती नांगरट दिसते, पण डोंगरापलीकडचें रान दिसत नाहीं. दोघांची साक्ष एकत्र आणील, आणि एकाच्या मौनावरून दुसऱ्यास खोटें ठरविणार नाहीं, तोच खरा अभ्यासक.

तुमच्यापैकीं कोणी उद्यां तलाठी होईल, कोणी वनाधिकारी, कोणी वकील, कोणी शेतकरी. एखाद्या दिवशीं तुमच्यापुढें टेबलावर एक रंगीत चित्र येईल, आणि समोर एक माणूस हात जोडून उभा असेल. त्या वेळीं चित्राकडे बोट दाखविण्यापूर्वीं चार प्रश्न स्वतःस विचारा : याचें घर केवढें? हें कोणत्या ऋतूचें? कोणत्या वर्षाचें? आणि याची तुलना मी कशाशीं करीत आहें? मग उठून ती जमीन पाहावयास जा.